पाटी कंपनीची, गल्ला दुकानदाराचा: फ्रँचायझीच्या करारनाम्याचा इतिहास

फ्रँचायझी घेणारा माणूस दुकान विकत घेत नसतो. जागेचे भाडे त्यानेच भरायचे असते, फर्निचर त्यानेच करायचे असते, माणसे त्यानेच कामाला ठेवायची असतात आणि तोटा झाला तर तोही त्यानेच सोसायचा असतो. पैसे मोजून त्याच्या हाती येतो तो एक करारनामा. दुसऱ्याने नावारूपाला आणलेली पाटी ठरावीक जागी, ठरावीक मुदतीपुरती आणि त्या दुसऱ्याच्याच नियमांनी वापरण्याची परवानगी त्यात लिहिलेली असते. या परवानगीपोटी साधारणपणे तीन वाटांनी पैसे जातात: सुरुवातीची एकरकमी फी, विक्रीच्या टक्केवारीने द्यायची रॉयल्टी आणि बहुतेक साखळ्यांत जाहिरातखर्चाची वर्गणी. माल कंपनीकडूनच घेण्याची अट असेल तर चौथी वाट मालाच्या भावात दडलेली असते आणि ती हिशेबात चटकन दिसत नाही.

हा करारनामा जाडजूड असतो आणि वाचणाऱ्याला तो वकिलांनी उगाच लांबवलेला वाटतो. त्यातली बहुतेक कलमे मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत कुणाच्या ना कुणाच्या अंगाशी आलेल्या व्यवहारांतून जन्मली आहेत. हद्द, मुदत, मालाचा भाव, जागेचा ताबा, आधीच्या दुकानदारांची यादी या प्रत्येकामागे एकेक प्रकरण आहे. ती प्रकरणे बहुतांशी अमेरिकेतली आहेत, कारण हा धंदा आजच्या रूपात तिथेच वाढला.

सुरुवात शिवणयंत्रापासून होते. आयझॅक मेरिट सिंगर याला १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या वर होती आणि सामान्य अमेरिकी कुटुंबाची वर्षाची कमाई पाचशे डॉलरच्या आसपास. एवढी महाग वस्तू नुसती दुकानात मांडून खपणार नव्हती. ती चालवून दाखवावी लागे, गिऱ्हाइकाला शिकवावी लागे, बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागे. गावोगाव असे काम करणारी माणसे पगारावर ठेवण्याइतके भांडवल कंपनीकडे नव्हते. म्हणून तिने प्रदेश वाटून दिले. एजंटाने ठरावीक रक्कम भरायची आणि त्या हद्दीत यंत्रे विकण्याचा हक्क घ्यायचा.

रोकड लगेच हाती आली, पण अडचणीही लवकरच दिसू लागल्या. हक्क विकल्यावर एजंट काय भावाने विकतो, गिऱ्हाइकाला कसे वागवतो, यावर कंपनीची पकड राहिली नाही. सिंगरचा वकील भागीदार एडवर्ड क्लार्क याने विकलेल्या हद्दी परत विकत घ्यायला सुरुवात केली आणि १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने स्वतःच्या शाखा उघडल्या. १८५६ मध्ये क्लार्कने हप्त्यांवर विक्री सुरू केली आणि सिंगरचा खरा विस्तार त्यानंतरचा आहे. फ्रँचायझीचा पहिला प्रयोग म्हणून सिंगरचे नाव हटकून घेतले जाते, पण तो प्रयोग कंपनीने स्वतःच गुंडाळला, ही गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. भारतात सिंगरचा कारभार पुढे कित्येक वर्षे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे होता. आजच्या करारनाम्यात ‘हद्द’ या कलमावर जी बारीक कलाकुसर असते, म्हणजे हक्क एकट्याचा की सामायिक, किती काळासाठी, विक्री कमी झाली तर हद्द काढून घेता येईल का, तिची गरज पहिल्यांदा इथे दिसली.

सिंगरने वस्तू विकण्याचा हक्क दिला होता. धंदा करण्याची संपूर्ण पद्धत दुसऱ्याला देण्याचे काम पहिल्यांदा नीट केले ते एका मोलकरणीने. मार्था मटिल्डा हार्पर ही कॅनडातील ओंटारिओत १८५७ साली जन्मली आणि सातव्या वर्षापासून लोकांच्या घरी कामाला लागली. पुढे ती अमेरिकेतील रॉचेस्टर शहरी आली आणि १८८८ मध्ये साठवलेले ३६० डॉलर घालून तिने बायकांचे केस धुण्या-निगराणीचे दुकान काढले. त्या काळी सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया केसांची निगा घरीच करवून घेत, त्यासाठी दुकानात जाण्याची रीत नव्हती. हार्परने ती रीत पाडली. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांनी आपल्या शहरात असे दुकान हवे म्हणून आग्रह धरला तेव्हा १८९१ पासून तिने दुसऱ्या बायकांना दुकाने द्यायला सुरुवात केली.

कुणाला द्यायची याबद्दल तिचा नियम ठाम होता: पहिली दुकाने तिच्यासारख्याच घरकाम करून पोट भरणाऱ्या स्त्रियांना मिळाली. त्यांनी तिच्या पद्धतीचे शिक्षण घ्यायचे, तिचेच केसांचे टॉनिक आणि तिचीच साधने वापरायची, आणि दुकानाची मांडणी तिने ठरवून दिल्याप्रमाणे ठेवायची. त्या बदल्यात तिचे नाव, जाहिरात आणि तपासणीला येणारी माणसे मिळायची. भरभराटीच्या काळात अशी सुमारे ५०० दुकाने होती. प्रशिक्षण, एकसारखेपणा, तपासणी आणि ठरलेल्याच मालाचा वापर ही चारही कलमे तिच्या व्यवस्थेत होती. मॅकडोनाल्डच्या साठ वर्षे आधीची ही गोष्ट. तरी धंद्याच्या इतिहासात हार्परचे नाव फार उशिरा आले.

करारनाम्यातल्या ‘मुदत’ आणि ‘भाव’ या दोन कलमांचे धडे कोका-कोलाने घेतले आणि ते महागात पडले. १८९९ पर्यंत कोका-कोला हे मुख्यतः औषधांच्या दुकानातील सोडा-काउंटरवर पेल्यात मिळणारे पेय होते. त्या वर्षी जुलैत टेनेसीतील चॅटनूगा गावचे दोन वकील, बेंजामिन टॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, कंपनीचा मालक आसा कँडलर याच्याकडे आले आणि हे पेय बाटलीत भरून विकण्याचा हक्क मागू लागले. कँडलरला बाटलीच्या धंद्यात काही राम वाटत नव्हता. भांडवल त्याला घालायचे नव्हते, वरून खपणाऱ्या सिरपचे पैसे मिळणार होते. त्याने जवळजवळ सगळ्या अमेरिकेचे हक्क एका डॉलरला लिहून दिले, आणि तो डॉलरही त्याने कधी वसूल केला नाही असे सांगतात.

खरी मेख पुढे होती. करारात सिरपचा भाव गॅलनला एक डॉलर असा बांधून दिला होता आणि करार केव्हा संपणार याचा उल्लेखच नव्हता. टॉमस आणि व्हाइटहेड यांच्याकडे देशभर कारखाने काढण्याइतका पैसा कुठला? त्यांनी आपापसांत देश वाटून घेतला आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांना पोटहक्क दिले. १९०९ पर्यंत बाटल्या भरणारे सुमारे ४०० कारखाने उभे राहिले. बहुतेक कारखाने एकेका कुटुंबाच्या मालकीचे होते. पहिल्या महायुद्धानंतर साखर कडाडली. बांधलेल्या भावाने सिरप देणे म्हणजे प्रत्येक गॅलनमागे पदरचे घालणे झाले. कंपनीने करार मोडता येतो असे म्हणून पाहिले. बाटलीवाले कोर्टात गेले. अखेर १९२१ मध्ये तडजोड झाली आणि सिरपचा भाव साखरेच्या भावाशी जोडला गेला. बाटलीवाल्यांचा कायमचा हक्क मात्र तसाच राहिला. त्यानंतर शहाण्या कंपन्यांनी मुदत न घालता हक्क देणे बंद केले. आज पाच, दहा किंवा वीस वर्षांची मुदत आणि नूतनीकरणाच्या अटी असतात. मुदत संपल्यावर उभा केलेला धंदा कुणाचा, हा प्रश्न तेव्हापासून दुकानदाराच्या डोक्यावर आला.

मोटारींच्या धंद्यात काटा उलट्या बाजूला झुकला. १९२० च्या अखेरीस मंदी आली, हेन्री फोर्डला रोकड हवी होती, तेव्हा त्याने डीलरांनी न मागितलेल्या गाड्या त्यांच्याकडे रवाना केल्या आणि पैसे रोख मागितले. नाही म्हणणाऱ्याची डीलरशिप जाणार हे उघड होते. डीलरांनी गावच्या बँकांतून कर्जे काढून माल उचलला आणि कंपनीचे देणे डीलरांच्या माथी बसले. अशा तक्रारी तीन दशके साचत गेल्यावर १९५६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मोटार-डीलरांना कंपनीविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. तो फक्त मोटारींपुरता होता.

खाण्याच्या धंद्यात फ्रँचायझी आली ती रस्त्यांच्या मागून. लोक मोटारीने लांब जाऊ लागले आणि अनोळखी गावात ओळखीचे काही तरी खायला मिळावे असे त्यांना वाटू लागले. रूट बिअर विकणाऱ्या ए अँड डब्ल्यूने १९२५ मध्ये आणि आइस्क्रीमसाठी नाव झालेल्या हॉवर्ड जॉन्सनने १९३५ मध्ये फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली. या साखळ्यांची मुख्य कमाई दुकानदाराला अर्क किंवा तयार माल विकण्यातून होती. मॅकडोनाल्डने तो पाया बदलला, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबायला हवे.

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांचे कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला १९४० पासून चांगले चाललेले हॉटेल होते. १९४८ मध्ये त्यांनी ते तीन महिने बंद ठेवले, पदार्थांची यादी नऊवर आणली, बशा-चमचे आणि वाढपी काढून टाकले आणि हॅम्बर्गर पंधरा सेंटला लावला. स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने आखला आणि नोकरांना त्यात कामाच्या हालचाली करायला लावून कुठे कोण कुणाच्या आड येतो ते पाहिले. फ्रँचायझी देण्यात मात्र त्यांना फारसा रस नव्हता. १९५३ मध्ये फिनिक्स शहरात पहिले दुकान दिले तेव्हा घेणाऱ्याकडून एकरकमी पैसे घेऊन ते मोकळे झाले. पुढे तो काय करतो हे बघायला कुणी गेले नाही.

१९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रे विकणारा बावन्न वर्षांचा रे क्रॉक तिथे पोचला. एकाच दुकानाला एवढी यंत्रे कशाला लागतात हे त्याला पाहायचे होते. त्याने देशभर फ्रँचायझी देण्याचे हक्क घेतले आणि १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळ डेस प्लेन्सला स्वतःचे दुकान उघडले. भावांशी झालेल्या करारात दर ठरले होते: दुकानदाराकडून सुरुवातीला ९५० डॉलर आणि विक्रीवर १.९ टक्के, त्यातले ०.५ टक्के भावांना. समजा एखाद्या दुकानाची वर्षाची विक्री दोन लाख डॉलर झाली, तर रॉयल्टी ३,८०० डॉलर, त्यातले १,००० भावांचे, क्रॉकच्या हाती २,८००. एवढ्यात त्याने प्रशिक्षण द्यायचे, तपासनीस फिरवायचे, ऑफिस चालवायचे. दुकाने वाढत होती आणि क्रॉक कफल्लक होत होता.

यातून वाट काढली हॅरी सॉनबॉर्न या पैशाचा कारभार पाहणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याने. १९५६ मध्ये त्याने जागांच्या व्यवहारासाठी वेगळी कंपनी काढली. तिने मूळ मालकाकडून जागा लांब मुदतीच्या पट्ट्याने घ्यायची आणि दुकानदाराला चढ्या पोटभाड्याने द्यायची. भाडे एक तर ठरावीक किमान, नाही तर विक्रीच्या ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. दोन लाखांच्या विक्रीवर हे १०,००० डॉलर होतात. त्यातून मूळ मालकाचे भाडे वजा जाता उरणारी रक्कम रॉयल्टीच्या तुलनेत घसघशीत होती. पैशाइतकाच महत्त्वाचा होता ताबा. नियम मोडणाऱ्या दुकानदाराशी पाटीवरून कोर्टात वर्षानुवर्षे भांडण्यापेक्षा त्याला जागेतून काढणे सोपे होते, कारण एक करार मोडला की दुसरा आपोआप मोडे. १९६१ मध्ये क्रॉकने २७ लाख डॉलर देऊन भावांचे हक्क विकत घेतले. भावांनी आपले मूळ हॉटेल ठेवले, पण स्वतःचे आडनाव त्याच्या पाटीवर लावण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नाही.

क्रॉकने आणखी दोन गोष्टी पाळल्या. मोठे प्रदेश विकण्याऐवजी तो बहुतेक वेळा एकेक दुकानच देई आणि पहिले नीट चालवणाऱ्यालाच दुसरे मिळे. शिवाय दुकानदाराला माल विकून नफा काढायचा मोह त्याने टाळला. त्यामुळे दुकानदाराची विक्री वाढली तरच कंपनीची कमाई वाढे, आणि दोघांचे हित बऱ्याच अंशी एका दिशेला राहिले. फ्रँचायझीत दुकानदाराने डोके चालवायचे नसते, हा समजही याच साखळीने खोटा पाडला. माशाचे सँडविच सिनसिनाटीच्या लू ग्रोन या दुकानदाराचे. शुक्रवारी मांस न खाणारी कॅथलिक गिऱ्हाइके टिकवायला त्याने १९६२ मध्ये ते काढले. बिग मॅक पेन्सिल्व्हेनियाच्या जिम डेलिगाटीने १९६७ मध्ये काढला. दोन्ही वेळा परवानगी कंपनीकडूनच घ्यावी लागली आणि पदार्थ झाले ते कंपनीच्या मालकीचे.

क्रॉकचे यश पाहून १९६० च्या दशकात अमेरिकेत फ्रँचायझीची लाट आली. केंटकीचा हार्लंड सँडर्स हॉटेल विकून पासष्टीत मोटारीने गावोगाव फिरला आणि कोंबडीमागे चार-पाच सेंट घेऊन आपली पाककृती देत गेला. १९६४ मध्ये त्याने २० लाख डॉलरला धंदा विकला तेव्हा ६०० वर दुकाने त्याची कोंबडी विकत होती. घेणाऱ्यांनी कंपनी शेअरबाजारात नेली, शेअर वधारला आणि मग जो तो कोंबडी विकायला निघाला. नॅशव्हिलमध्ये मिनी पर्ल या लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीच्या नावाने साखळी निघाली. तिचा खरा माल कोंबडी नव्हता, फ्रँचायझीच होता. विकलेल्या परवान्यांच्या मानाने उघडलेली दुकाने फारच थोडी होती. दुकान उघडण्याआधीच पुढे यायच्या फीची सगळी रक्कम कंपनी चालू वर्षाची कमाई म्हणून दाखवत असे आणि त्या आकड्यांवर शेअर चढत असे. शेअरबाजाराच्या नियामकांनी हिशेब तपासायला घेतल्यावर सगळे कोसळले. ज्यांनी परवाने घेतले त्यांच्या हाती ना पाककृती राहिली ना पाटीला किंमत.

याच सुमाराला चिकन डिलाइट या साखळीचे प्रकरण कोर्टात गेले. तिची जाहिरात भुरळ घालणारी होती: फ्रँचायझी फी नाही, रॉयल्टी नाही. अट एवढीच की भांडी, तळणीची यंत्रे, मसाल्याची मिश्रणे आणि छापील खोकी कंपनीकडूनच घ्यायची. बाजारात तशाच वस्तू स्वस्त मिळत होत्या. सगळा नफा त्या खोक्यांत आणि मसाल्यात होता. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की पाटी ही एक वस्तू आणि खोकी ही दुसरी. एकीसाठी दुसरी गळ्यात मारणे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. ‘रॉयल्टी नाही’ हे वाक्य आजही फ्रँचायझीच्या जाहिरातींत ठळक अक्षरांत दिसते. ते दिसले की आधी मालाचे दरपत्रक मागावे.

या दोन्ही प्रकरणांनी कायदा हलवला. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये पहिला खास कायदा केला. मग संघराज्याच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम तयार केला आणि तो ऑक्टोबर १९७९ पासून देशभर लागू झाला. २००७ मध्ये तो सुधारला गेला. त्याचा गाभा साधा आहे. फ्रँचायझी चांगली की वाईट हे सरकार ठरवत नाही. संघराज्याच्या पातळीवर कुणी ते कागद तपासून शिक्कामोर्तबही करत नाही. मात्र सही घेण्याच्या किंवा पैसे स्वीकारण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीने २३ मुद्द्यांचे माहितीपत्र घेणाऱ्याच्या हाती दिलेच पाहिजे.

या २३ मुद्द्यांत आधीचा सगळा इतिहास उतरला आहे. बाराव्यात हद्द येते. आठव्यात माल कुणाकडून घ्यावा लागेल आणि त्यातून कंपनीला काय मिळते ते सांगावे लागते. सातव्यात दुकान उघडेपर्यंत लागणारा एकूण खर्च, एकविसाव्यात कंपनीचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. सर्वांत उपयोगी विसावा मुद्दा. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद पडली, किती हस्तांतरित झाली याचे तक्ते त्यात असतात आणि शेवटच्या वर्षात साखळी सोडून गेलेल्या दुकानदारांची नावे व संपर्कही द्यावे लागतात. चालू दुकानदार सहसा आशेने बोलतो, सोडून गेलेला हिशेबाने बोलतो. कमाईचा अंदाज एकोणिसाव्या मुद्द्यात येतो, पण तो द्यायची सक्ती नाही. द्यायचाच असेल तर आधार दाखवावा लागतो. तोंडी सांगितलेल्या आकड्यांनीच जास्त माणसे बुडाली होती. फ्रान्सने १९८९ च्या कायद्याने असाच नियम केला आणि तिथे मुदत २० दिवसांची ठेवली.

भारतात पाटी भाड्याने देण्याची ही रीत आधी बाटलीतूनच आली. कोका-कोला १९५० च्या दशकापासून इथल्या कारखानदारांकडून बाटल्या भरून घेत होती. १९७७ मध्ये परकीय चलन नियमन कायद्यावरून ती देश सोडून गेली. मोकळ्या झालेल्या बाजारात विलेपार्ल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पार्लेने थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट गावोगावच्या बाटलीवाल्यांकरवी खपवले. १९८० च्या दशकात संगणक शिकवणाऱ्या एनआयआयटी आणि अ‍ॅप्टेक यांनी हीच पद्धत शिक्षणात आणली. एखाद्याने तालुक्याच्या गावी जागा आणि संगणक घालायचे, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र कंपनीचे. महाराष्ट्रातल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांनी फ्रँचायझी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो याच वर्गांच्या पाटीवरून.

१९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने पार्लेची पेये विकत घेतली. बाटलीवाले त्यांच्यासोबत आले. त्यांपैकी अहमदाबाद आणि राजकोटचे कारखाने चालवणाऱ्या गुजरात बॉटलिंग कंपनीचे शेअर १९९५ मध्ये पेप्सीच्या बाजूने उचलले गेले आणि कारखान्यांत पेप्सी भरायची तयारी सुरू झाली. कोका-कोला मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. करार कायद्याचे कलम २७ व्यापाराला बंदी घालणारे करार रद्द ठरवते. या कलमाखाली दुसऱ्याचे पेय न भरण्याची अट टिकते का, हा मुद्दा होता. न्यायालयाने ऑगस्ट १९९५ मध्ये म्हटले की करार चालू असेपर्यंत, नोटिशीच्या मुदतीसकट, अशी अट टिकते. फ्रँचायझीविषयी भारतात आजही सर्वाधिक उल्लेख होतो तो याच निकालाचा. त्याचा दुसरा अर्थ दुकानदाराच्या फायद्याचा आहे: करार संपल्यानंतरही तोच धंदा करू नये अशी अट कलम २७ पुढे सहजासहजी टिकत नाही.

१९९६ मध्ये डॉमिनोज आणि मॅकडोनाल्ड दिल्लीत उघडले. मॅकडोनाल्डने देश दोघांत वाटला होता: उत्तर-पूर्व विक्रम बक्षी यांच्या भागीदारीत, पश्चिम-दक्षिण मुंबईच्या अमित जाटिया यांच्या भागीदारीत. एकच पाटी, एकच नियम, पण दोन वाटांचे नशीब वेगळे निघाले. जाटियांचा धंदा पुढे स्वतंत्र परवानाधारक म्हणून वाढला. बक्षी यांच्याशी २०१३ पासून वाद पेटला, २०१७ मध्ये कंपनीने १६९ दुकानांचे करार रद्द केल्याचे जाहीर केले आणि २०१९ मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेऊन वाद मिटवला.

या साखळ्या पाहून मुंबईने आपला पदार्थ त्याच साच्यात घातला. जम्बो किंगचे पहिले दुकान २००१ मध्ये मालाड स्टेशनबाहेर निघाले. गोली वडापाव २००४ मध्ये कल्याणला. गोलीने वडे कारखान्यात तयार करून गोठवलेले दुकानात आणायचे आणि तिथे फक्त तळायचे असे ठरवले. त्यामुळे कुशल आचाऱ्याची गरज संपली आणि वड्याची चव दुकानागणिक बदलायची थांबली. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याच्या वड्याशी बरोबरी झाली का, हा प्रश्न वेगळा. मागोमाग पुण्यातल्या चहाच्या दुकानांनी आणि मिठाईवाल्यांनीही फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली.

हिशेबाची गोम मात्र सगळीकडे सारखी आहे. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. समजा चहाच्या दुकानाची महिन्याची विक्री ३ लाख रुपये आणि रॉयल्टी ६ टक्के, तर १८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,२४०, असे २१,२४० रुपये द्यावे लागतात. त्या महिन्यात भाडे, पगार आणि दूध-साखर वजा जाता हाती शून्य उरले तरी हे चुकत नाही.

भारतीय कायद्याने फ्रँचायझीची ठळक दखल घेतली ती २००३ मध्ये, तिच्यावर सेवाकर बसवताना. स्वतंत्र कायदा आजतागायत नाही. करारनाम्याला १८७२ चा करार कायदा लागू होतो, पाटीला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा, मक्तेदारीच्या तक्रारींना २००२ चा स्पर्धा कायदा. पैसे घेण्याआधी कंपनीने काय काय सांगावे याची सक्तीची यादी यांपैकी कशातच नाही. त्यामुळे कंपनीचे तीन वर्षांचे हिशेब, मालाचे दरपत्रक, हद्दीचा नकाशा आणि बंद पडलेल्या दुकानांची नावे घेणाऱ्यानेच लेखी मागावी लागतात, आणि तीही टोकन रक्कम भरण्याआधी.